प्रतिकूल बाजूची सात मिनिटं

ऐरोली,
२ मार्च २०२५

रुतिका,

मायना काय लिहावा यावर तीन कागद फाडले. शेवटी म्हटलं, राहू दे मायना. मी चंद्रशेखर, दिघ्याच्या श्रमिक वाचनालयाचा. तुला पुस्तकं द्यायचो आणि वेळेत परत आणली नाहीस की कपाळाला आठ्या घालायचो, तो काका.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, पण मी नाव सांगितलं की बंद होतो. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा लावायची हिंमत होईना, म्हणून हे पत्र. तुझ्या ऑफिसचा पत्ता स्वराजने दिला. आपला जुना वाचक, तोही तुमच्याच कारखान्यात चिकटलाय म्हणे. तू चाकणला एवढ्या मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहेस हे ऐकून बरं वाटलं.

काम असं आहे. एक मेची आपली वादविवाद स्पर्धा यंदा पुन्हा जोरात करायची आहे. समितीचं ठरतंय की परीक्षक म्हणून जुन्या स्पर्धकांपैकी कुणाला तरी बोलवावं. समिती म्हणजे मी आणि किसन, आणि किसनला मी अजून सांगितलेलं नाही, पण ते माझ्यावर सोड. तुझं नाव माझ्या डोक्यात पक्कं आहे. यायचं-जायचं भाडं देऊ, जेवण संघप्रियाच्या हातचं. माझी लेक आता वाशीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, पण स्वयंपाक चांगला करते.

२०१९च्या स्पर्धेत तुझा दुसरा नंबर आला होता. त्या दिवशी समारोपाला मी जे दोन शब्द बोललो, ते सर्वसाधारण होते. कुणा एकाला उद्देशून नव्हते. त्यावरून तुझा किंवा तुझ्या बाबांचा काही गैरसमज झाला असेल तर तो काढून टाकावा. स्पर्धा म्हटली की वर-खाली व्हायचंच. तुझ्यासारख्या समंजस मुलीने एवढं मनाला लावून घेऊ नये.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
चंद्रशेखर काका


ऐरोली,
१६ मार्च

रुतिका,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "काका, मला आशयाला किती मार्क दिले होते, आणि का?"

आठ दिवस ते कार्ड टेबलावर पालथं ठेवलंय. रोज उलटं करून वाचतो आणि परत पालथं घालतो. काल संघप्रियाने विचारलं, कुणाचं आहे? मी म्हटलं, वाचनालयाचं. तिने उचलून वाचलं. माझ्या घरात एवढंच वाईट आहे, इथे सगळ्यांना वाचता येतं.

तर ऐक. आशयाला वीसपैकी नऊ दिले होते. बाकीच्या दोन परीक्षकांनी सतरा आणि अठरा दिले. तू तीन मार्कांनी हरलीस आणि पुढच्या फेरीला नागपूरला दुसरी मुलगी गेली. म्हणजे तुला माझ्या एकट्याच्या पेनाने खाली आणलं.

का, ते सांगणं अवघड आहे. विषय होता, "कंत्राटी कामगारांना कायम केलंच पाहिजे." मी आयुष्यभर युनियनचं काम केलेला माणूस. माझ्यासाठी तो वादाचा विषयच नव्हता. आणि तू प्रतिकूल बाजूने उभी राहिलीस. तळवलीच्या दादूची मुलगी, कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराची. तू पहिलं वाक्य बोललीस आणि माझ्या डोक्यात निकाल लागला.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. बाजू चिठ्ठीने ठरते. मुलांनी आपल्या मताविरुद्धही विचार करून बघावा, म्हणून हा नियम मीच आणला होता. चिठ्ठ्यांच्या घड्याही मीच घातल्या होत्या. दोन दिवस आधी तू माझ्या हातातल्या डब्यातून "प्रतिकूल" उचललंस, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी स्टेजवरून मी म्हणालो, "काही मुलं घरातून मुद्दे घेऊन येतात. घर ज्याच्यावर चालतं, त्याचेच मुद्दे असतात ते." मागच्या पत्रात याला मी सर्वसाधारण म्हटलं. ते खोटं होतं. सगळे मान वळवून तिसऱ्या रांगेत बसलेल्या दादूकडे बघायला लागले. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आमच्या वाचनालयात त्याचं ते पहिलंच येणं.

मी असं का केलं, याचा खूप विचार केला. मला कायम वाटत आलं की जो वाचतो तो आपल्या बाजूला येतो. नाही आला, तर त्याने नीट वाचलेलं नाही. वाचूनही नाही आला, तर त्याला कुणीतरी विकत घेतलंय. अडाणी नाहीतर विकाऊ, तिसरा खण मी ठेवलाच नव्हता. तू तर माझ्याच कपाटातली पुस्तकं वाचलेली. मग तुला टाकायला माझ्याकडे एकच खण उरला.

हे मी संघप्रियाला सांगितलं. वाटलं, म्हणेल, बाबा, किती प्रामाणिक तुम्ही. ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली. म्हणाली, "तुम्हाला वाटतं ना, माणूस जेवढा हुशार तेवढा दुसऱ्याचं ऐकून घेणारा? तसं काही नसतं. हुशार माणसाला स्वतःच्या मताची वकिली जास्त चांगली जमते, एवढंच. तुमच्या लाल बाजूला जमते, समोरच्यांनाही तेवढीच जमते. तुम्ही तर सीनियर वकील." मी म्हटलं, पुरावा काय? ती म्हणाली, "समोर बसलाय."

आणि हे आत्ताच का सुचलं, असं तू विचारशील. स्वराजने सांगितलं. सव्वीस जानेवारीला तुमच्या कंपनीत तुला दोन मिनिटं बोलायला सांगितलं, तर तू सगळ्यांदेखत नाही म्हणालीस. माईक हातात दिला तर तो परत टेबलावर ठेवलास. "मी स्टेजवर बोलत नाही," म्हणालीस. रुतिका, त्या दिवशी दिघ्यात तू बोलत होतीस तेव्हा मागचे चहावाले किटली खाली ठेवून उभे होते. अशी मुलगी गप्प बसली आणि ती माझ्यामुळे बसली, हे मला सहन होत नाही. तू परत बोलावंस एवढंच मला हवंय. परीक्षक वगैरे सगळी निमित्तं.

माझं चुकलं. माफ कर.

काका


ऐरोली,
३० मार्च, पाडवा

रुतिका,

तुझं उत्तर चार ओळींचं. पाठ झालंय. "माफी नको. परीक्षक म्हणून येणार नाही. माझं ते भाषण एक मेला त्याच स्टेजवर तुम्ही करा. सात मिनिटं, टिंगल न करता."

खरं सांगतो, पहिल्यांदा डोकंच फिरलं. तुला मी एक पत्र लिहिलं होतं, दोन पानी, ते टाकलं नाही. त्यात "मर्यादा" हा शब्द तीनदा होता. मी, संपात बावीस दिवस कंपनीच्या गेटवर उपोषणाला बसलेला माणूस, एक मेच्या दिवशी, कामगारांसमोर, कायम करण्याच्या विरोधात बोलणार? समोर किसन बसलेला असणार. किसन आणि मी एका झेंड्याखाली म्हातारे झालो. तो मला जिवंत ठेवेल?

मग संध्याकाळी खाडीच्या बाजूला एक फेरी मारून आलो आणि वाटलं, सात मिनिटांत काय आहे? मी झोपेतसुद्धा तासभर बोलतो. बसलो लिहायला. अर्ध्या तासात भाषण तयार. म्हटलं, बघ, मोठ्या मनाचा माणूस आहे मी.

आज सोसायटीत सगळ्यांच्या गुढ्या लागल्यात. आमच्याकडे गुढी नसते, पण शेजारून श्रीखंड येतं, ते खाता खाता संघप्रियाला भाषण वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि वाटी खाली ठेवली.

"बाबा, रुतिका मूर्ख होती का?"

"छे. त्या बॅचची सगळ्यात हुशार."

"मग हे कोण बोलतंय? 'मालकाला नफा हवा असतो, त्यात गैर काय', 'गरिबांनी मिळेल त्यात समाधान मानावं'. असं कुठली वीस वर्षांची मुलगी बोलते? हे तुमचंच भाषण आहे, फक्त मूर्खाच्या तोंडी घातलेलं. ऐकणाऱ्याने हसावं म्हणून लिहिलंय."

मी वाद घातला. तासभर घातला. मग माझ्या लक्षात आलं की मी जिंकत होतो आणि भाषण मात्र तसंच भिकार राहिलं होतं.

दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. प्रत्येकात कुठेतरी मी एक पायरी मुद्दाम कच्ची ठेवतो, म्हणजे समोरच्याने पाय दिला की पडावी. मुद्दाम म्हणतो, पण लिहिताना कळतसुद्धा नाही. इतक्या वर्षांची हाताची सवय.

शेवटी म्हटलं, तुझंच मूळ भाषण आठवू. आणि रुतिका, मला ते आठवत नाही. तुझा हिरवा ड्रेस आठवतो, मधे पाण्याचा पेला मागितलास ते आठवतं. मुद्दे एक-दोनच आठवतात. कारण तू बोलत होतीस तेव्हा मी ऐकतच नव्हतो. मार्कांच्या कागदाच्या मागे तुझ्या मुद्द्यांना उत्तरं लिहीत होतो. परीक्षकाला उत्तरं कोण विचारतं?

ते भाषण तुझ्याकडे लिहिलेलं असेल तर पाठव. नाहीतर मला दादूकडे जावं लागेल, आणि ते मला जड आहे. का जड आहे ते इथे लिहीत नाही.

काका


ऐरोली,
१३ एप्रिल

रुतिका,

तू काही पाठवलं नाहीस. ठीक आहे. शिक्षा देणाऱ्यानेच मदत करावी ही अपेक्षा माझीच चुकीची.

काल तळवलीला जाऊन आलो. तुमचं घर सापडायला वेळ लागला. कौलारू घराच्या जागी चार मजली इमारत. दादू ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी झापत होता, सिक्युरिटीवाला आला नव्हता. मला बघून फोन कानाला तसाच ठेवून म्हणाला, "बस. पन वट्यावरच बस."

मी ओट्यावर बसलो. पहिली वीस मिनिटं आम्ही भांडलो. तो म्हणाला, तुमच्या झेंड्याने कंपनी खाल्ली, पाचशे घरं उघडी पडली. मी म्हणालो, कंपनी मालकाने खाल्ली, आम्ही फक्त ते बोंबलून सांगितलं. तो म्हणाला, तुमी लोकं बोंबलण्याशिवाय काय करता? हेच भांडण आम्ही शहाण्णव सालापासून जसंच्या तसं करतोय. तुझी आई चंद्राबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दोगं बी सारकेच. चा थंड करू नका."

मग मी कागद काढला. म्हटलं, दादू, तुझ्या मुलीचं भाषण मला करायचंय. तिला तू त्या वेळी जे मुद्दे दिलेस, ते मला दे.

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"तुला काय वाटला, ती माज्या बाजूची होती? अरे, वरीसभर माज्याशी भांडत होती ती. तुज्या लायब्ररीतनं पुस्तकं आनायची आनि मनाच सुनवायची. बाबा, तुमी पोरांना पगार नाय देत, उपकार करता. बाबा, त्यांची सुट्टी का कापली? घरात जेवन नकोसा केलता."

मी कागद गुडघ्यावर ठेवला.

"चिट्टी उलटी निंगाली तवा रडकुंडीला आलेली. दोन दिस जेवली नाय धड. मंग माज्याजवल येऊन बसली. बोलली, बाबा, आता तुमी सांगा, तुमचा काय म्हनना हाय. पयल्यांदा तिनं माजा ऐकून घेतला, चंद्रशेखर. सगला लिवून घेतला वहीत. म्हनून मी शर्ट इस्त्री करून आलतो." त्याने बोट माझ्यावर रोखलं. "आनि तू काय बोललास? घरातले मुद्दे. आता ती सगल्या कंपनीला माज्या बाजूनं सांगते. मी नाय केली तिला तशी. तू केलीस."

परत येताना रिक्षात पहिल्यांदा एकच विचार होता. अरेरे, ती आपलीच होती, आपण आपलीच मुलगी घालवली. वाटेत उद्याच्या जयंतीसाठी निळ्या पताका लावणं चाललं होतं, रिक्षा थांबत थांबत चालली होती. आणि मग मला माझीच किळस आली. आपली होती म्हणून एवढं वाईट वाटतंय का? ती खरंच दादूच्या बाजूची असती, मनापासून, तर ते नऊ मार्क बरोबर ठरले असते का? मी अजूनही तेच करतोय. नुसता खण बदलतोय.

दादूने मुद्दे दिले. तासभर बसून दिले, हात हलवून, ओट्यावर बोटाने रेघा मारून. काही मुद्द्यांवर माझ्या जिभेवर उत्तर आलं, मी चहा पीत राहिलो. चार मुद्दे चांगले आहेत. आणि निघताना त्याने एक जुनी गोष्ट काढली. "गेटवर तू मना काय बोललास, ते बी घाल भाशनात. हिंमत असली तर." ते काय होतं, ते तुला बाबांनी सांगितलंय की नाही मला माहीत नाही. मी आत्ता सांगत नाही.

काका


ऐरोली,
२ मे

रुतिका,

झालं. काल संध्याकाळी केलं.

तू आली नाहीस, आणि येणार नाहीस हे मला माहीत होतं. तरी बोलताना दोनदा दाराकडे बघितलं. साठेक माणसं होती. मुलांची स्पर्धा संपल्यावर, निकालाच्या आधी, मी माईकजवळ गेलो आणि सांगितलं की सहा वर्षांपूर्वी याच जागी रुतिका नावाच्या मुलीने एक भाषण केलं होतं, परीक्षक म्हणून मी त्यावर अन्याय केला आणि नंतर तिच्या वडिलांचा सगळ्यांसमोर अपमान केला. आता ते भाषण मी तिच्या वतीने करतोय. किसन पहिल्या रांगेत होता. त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं, त्याला ती थट्टा वाटली होती.

पहिली चार मिनिटं दादूचे मुद्दे. म्हणजे तुझे. अमुक दिवस भरले की कायम करा, असा दट्ट्या आला की मालक माणसाला कायम करत नाही, दिवस भरायच्या आत त्याला ब्रेक देतो. सात महिने काम आणि मग घरी. हात बसायच्या आधीच माणूस बदलतो. गावातल्या बारावी झालेल्या पोराला पहिली नोकरी कंत्राटदारच देतो, कारण कंपनीच्या गेटवर त्याचा अर्ज कुणी घेत नाही. मी एकही पायरी कच्ची ठेवली नाही. मागच्या रांगांत खुर्च्या सरकायला लागल्या.

पाचव्या मिनिटाला मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

तुला बाबांनी कधी सांगितलं नसेल, तर माझ्याकडून ऐक. संपाच्या आधी दादू आमच्या कंपनीत तीन वर्षं बदली कामगार होता. कायमवाला कुणी आला नाही की त्याच्या जागी उभं करायचं, तो आला की घरी पाठवायचं. मी युनियनचा सेक्रेटरी. एका सकाळी गेटवर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मला सभासद करून घ्या. त्याच्यासारखे दीडशे जण होते. आणि मी म्हणालो, "आधी कायमवाल्यांचं होऊ दे. तुम्हाला घेतलं तर आमची मागणी पातळ होईल." हेच शब्द. नंतर संप झाला, कंपनी बंद पडली. कायमवाल्यांना निदान हिशेबाचे पैसे मिळाले. दादूला काही मिळालं नाही. दोन वर्षांनी त्याने कंत्राट घेतलं आणि आम्ही त्याला विकाऊ म्हणायला लागलो.

मी म्हणालो, कायमचा हक्क मागणाऱ्यांनी बाहेरच्याला आत घेतलं नाही. मालकाने सांगितलं म्हणून नाही, आम्हीच. उद्या कायमची सक्ती झाली, तरी जे आत जातील ते पुन्हा दार लावून घेणार नाहीत कशावरून? आम्ही लावलं होतं.

किसन उभा राहिला. "शेखर, किती दिले रे दादूनं?"

रुतिका, तू त्या स्टेजवर उभी होतीस तेव्हा तुला कसं वाटलं असेल, ते मला काल कळलं. आपण खरं बोलतोय हे माहीत असूनसुद्धा आपणच चोरी केल्यासारखं तोंड होतं. आणि माझ्या डोक्यात किसनला द्यायला सहा उत्तरं तयार होती, सगळी धारदार. एकही वापरलं नाही. म्हटलं, "किसन, मी अजून कायम करण्याच्याच बाजूचा आहे. उद्या मोर्चा निघाला तर तुझ्याबरोबर चालेन. पण मी सांगितलं ते घडलंय, आणि तू तेव्हा माझ्या शेजारी उभा होतास." तो निघून गेला. त्याच्याबरोबर आणखी दहा-बाराजण गेले. बाकीचे बसले. एका कॉलेजच्या पोराने टाळी वाजवली आणि कुणीच साथ दिली नाही म्हणून थांबला.

बाहेर आलो तर दादू स्कूटरला टेकून उभा. आत आला नव्हता, खिडकीतून ऐकलं म्हणे. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "बरा बोललास. लांबड लावलीस जरा." मग स्कूटरची किल्ली तो बराच वेळ नुसती फिरवत राहिला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही भांडणाशिवाय इतका वेळ शेजारी उभे होतो.

किसन आज सकाळी पेपर वाचायला आला. माझ्याशी बोलला नाही. पण वाचून झाल्यावर मधली पानं माझ्याकडे सरकवली.

माझं मत बदललेलं नाही, हे तुला स्पष्ट सांगतो. फक्त आता त्याच्या समोर काय आहे ते मला दिसतं. आधी तिथे मला माणसंच दिसत नव्हती. तुझ्याकडे आता काही मागत नाही. तू सांगितलेलं मी केलं, तेवढं कळवायचं होतं.

काका


चाकण,
८ मे

काका,

माझ्या भावाने, प्रितेशने, तुमच्या भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचा हात हलत होता, अर्धं छतच दिसतं, पण आवाज नीट आहे. तीन वेळा ऐकलं.

खरं सांगायचं तर तुम्ही करणार नाही याची खात्री होती म्हणून मी ते लिहिलं होतं. तुम्ही नाही म्हणाल, मग मी तुम्हाला कायमची सोडू शकेन, असा हिशेब. पहिली चार मिनिटं ऐकताना मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसतं रडू आलं. बाबांचे शब्द तुमच्या तोंडून, आणि तुम्ही ते इतके नीट मांडत होतात.

गेटवरची गोष्ट मला माहीत नव्हती. बाबांना फोन केला. म्हणाले, "जुना झाला आता." मग म्हणाले, "चंद्रशेखर तेवडा वाईट नाय." मग एकदम म्हणाले, फोन ठेव, सिक्युरिटीवाल्याचा येतोय.

काका, मी इथे दर महिन्याला नव्या कंत्राटी पोरांना एका खोलीत बसवून कंपनीचं धोरण समजावते. खोलीत, बसून, स्टेजवर नाही. चार मुद्दे सांगते, तेच तुम्ही सांगितलेले. परवा एका मुलीने विचारलं, मॅडम, मग आम्ही आत कधी येणार? मी तिला पाठ असलेलं उत्तर दिलं. ती "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"मुळे मला दोन दिवस झोप लागली नाही. म्हणजे ती मूर्ख म्हणून विचारत नव्हती आणि कुणी शिकवून पाठवलेलीही नव्हती. मीही मनातल्या मनात तिला कुठल्या तरी खणात टाकायलाच निघाले होते.

काल कॅंटीनच्या अंगणात सगळ्या पाळीची सभा होती. माईक घेतला. दोन्ही हातांनी धरला. तीन मिनिटं बोलले. म्हटलं, कंपनीची बाजू मी सांगते, तुमची बाजू तुमच्यापैकी कुणीतरी मला सांगा, आणि मी मधे बोलणार नाही. पहिल्यांदा कुणीच उठेना. मग तीच मुलगी उठली. साहेब माझ्यावर वैतागलेत, बघू काय होतं ते.

तुमचा पाचव्या मिनिटाचा मुद्दा माझ्या त्या प्रतिकूल बाजूचा आहे, आणि तो मला सुचला नव्हता. सगळ्यात पक्का तोच आहे. आत गेलेले दार लावून घेतात. मी खूप प्रयत्न केला, मला तो खोडता येत नाही. आणि मला तो खोडायचाय, त्या मुलीला खरं उत्तर देता यावं म्हणून. तुमच्याकडेही उत्तर नसणार, नाहीतर तुम्ही ओघात देऊन टाकलं असतंत, तुम्हाला मी ओळखते.

अठरा तारखेच्या रविवारी तळवलीला येतेय. अकरा वाजता वाचनालयात येईन, बाबांना घेऊन. ते नाही म्हणतायत, पण शर्ट इस्त्रीला टाकलाय असं आई म्हणाली. किसनकाकांनाही बोलवा. चौघांनी बसून त्याला उत्तर शोधू.

रुतिका